बर्फावर थांबण्याची विद्या

आपल्याकडे गाडीच्या टायरची आठवण होते ती मृगाच्या तोंडावर. टायर गोटा झालाय का, नक्षी किती उरलीय, हे आपण वाकून बघतो आणि ‘निघेल अजून एक पावसाळा’ असं म्हणून पुढं जातो. हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात आणि ते निवडताना माणसं आठवडाभर विचार करतात, हे मला अगदी अलीकडं कळलं. कळलं ते भाच्यामुळं.

हा भाचा कॅनडातल्या सास्कॅचेवान प्रांतात शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करतो. तिथं थंडीत पारा कधीकधी उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. कामासाठी त्यानं एक जुना पिकअप ट्रक घेतला. पुढं केबिन, मागं उघडा हौदा, असा. पहिल्या बर्फाआधी टायर बदलायला तो दुकानात गेला, तर दुकानदारानं प्रश्नांची सरबत्तीच सुरू केली. खिळ्यांचे हवेत की बिनखिळ्यांचे? ओझं किती वाहणार? मुक्काम गावात की आडरानात? रात्री त्याचा फोन आला, ‘‘मामा, इथं टायर निवडणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं आहे!’’ त्याच्या त्या प्रश्नांच्या मागं काय आहे ते शोधायला मी बसलो, आणि हाती लागला शंभर वर्षांचा एक मोठा गमतीदार इतिहास.

मुळात रबर आणि थंडी यांचं वैर जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबराच्या वस्तू उन्हाळ्यात चिकट होत आणि हिवाळ्यात कडक होऊन तडकत. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापवून हा दोष बराचसा घालवला, पण पुरता नाही. थंडीत रबराची लवचीकता कमी होते ती होतेच. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, तेव्हा चौकशीत बोट ठेवलं गेलं ते गारठलेल्या एका रबरी कड्यावर. रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानं त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला होता. दाबलेला तुकडा चटकन पूर्ववत होत नव्हता. उन्हाळी टायरचं कडाक्याच्या थंडीत नेमकं हेच होतं. रस्त्याच्या खाचाखोचांत दबून बसणारं रबर लाकडासारखं वरच्यावर घसरू लागतं. पारा ७ अंशांच्या खाली राहू लागला की टायर बदला, असं तिकडं सांगतात ते यामुळं. रस्त्यावर बर्फ दिसलाच पाहिजे असं नाही.

मोटारी आल्या तेव्हा मात्र लोकांना एवढी खोल चिंता नव्हती. बर्फात रुतलेली गाडी बाहेर कशी काढायची, एवढाच प्रश्न होता. चाकाला दोर गुंडाळणं हा घरगुती उपाय. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी दोराऐवजी साखळी आणली आणि १९०४ साली तिचं पेटंट घेतलं. ही साखळी आजही वापरात आहे. आपल्याकडं हिमालयातल्या घाटांत बर्फ पडला की गाड्यांना तीच बांधतात. पण साखळी बांधायची म्हणजे गारठ्यात गुडघ्यांवर बसायचं, आणि मोकळा रस्ता लागला की पुन्हा सोडायची. साखळी लावून वेगानं जाताही येत नाही.

यावर पहिला पक्का उतारा शोधला फिनलंडनं. तिथल्या सुओमेन गुम्मितेहदास, म्हणजे फिनिश रबर वर्क्स, या कारखान्यानं १९३४ साली ‘केलिरेंगास’ नावाचा टायर आणला. हिवाळ्यासाठीच म्हणून बनवलेला जगातला पहिला टायर तो हाच मानला जातो. विशेष म्हणजे तो मोटारींसाठी नव्हता, ट्रकसाठी होता. बर्फातून माल पोचवायची निकड ट्रकवाल्यांनाच जास्त. नांगराच्या फाळासारखी बर्फात घुसणारी आडवी, खोल नक्षी हे त्याचं वैशिष्ट्य. मोटारींसाठी ‘लुमी-हक्कापेलिट्टा’ आला तो १९३६ साली. लुमी म्हणजे बर्फ, आणि हक्कापेलिट्टा हे सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचं नाव.

हा कारखाना ज्या गावात होता त्या गावाचं नाव नोकिया! होय, तेच. रबराचा हा कारखाना, तारांचा एक कारखाना आणि मूळची कागदाच्या लगद्याची नोकिया कंपनी, या तिघी १९६७ साली एक झाल्या आणि त्या घरातून पुढं आपल्या सगळ्यांच्या खिशातला फोन आला. टायरचा धंदा १९८८ साली वेगळी कंपनी होऊन निघाला. आपल्या हातातल्या फोनची थोरली बहीण बर्फात चाकं फिरवत होती, हे आपल्याला कुठं माहीत होतं!

खोल नक्षीचा टायर भुसभुशीत बर्फात उत्तम. पण घट्ट, काचेसारख्या बर्फावर तो काय करणार? तिथं नखं हवीत. म्हणून टायरमध्ये टंगस्टन कार्बाइडचे टणक खिळे बसवण्याची युक्ती निघाली आणि १९६० च्या दशकात ती झपाट्यानं पसरली. माणसं निर्धास्त झाली. पण खिळा बर्फ ओरखडतो तसा, बर्फ नसेल तेव्हा, रस्ताही ओरखडतो. थोड्याच वर्षांत रस्त्यांवर चाकोऱ्या पडल्या. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतानं १९७१ साली आणि पश्चिम जर्मनीनं १९७५ साली खिळ्यांवर बंदी घातली. ओंटॅरिओनं २००५ पासून उत्तरेकडच्या थंड भागात ते पुन्हा चालू दिले. फिनलंडनं मात्र खिळे ठेवले आणि १९७८ साली थंडीच्या महिन्यांत हिवाळी टायर सक्तीचेच केले.

खरी कसोटी लागली जपानची. तिथं लाखो खिळे डांबर किसत होते आणि त्याची धूळ लोकांच्या छातीत जात होती. सेंदाईसारख्या शहरात लोकांनी आवाज उठवला. १९८५ साली मियागी प्रांतानं नियम केला आणि १९९० साली देशभराचा कायदा आला. माझी गाडी घसरू नये म्हणून शेजाऱ्याच्या मुलानं धूळ खावी का, असा तो प्रश्न होता. जपाननं उत्तर दिलं, नाही. पण हे उत्तरही फुकट मिळालं नाही. खिळे गेले आणि साप्पोरोच्या रस्त्यांवरचा बर्फ चाकांनी घासून आरशासारखा गुळगुळीत होऊ लागला. खिळे होते तेव्हा ते हा बर्फ खरवडून तरी काढत! मग चौकाचौकांत वाळूच्या पेट्या ठेवाव्या लागल्या.

या अडचणीतून टायरवाल्यांना नवी बुद्धी सुचली. बर्फ घसरडा होतो तो त्यावरच्या पाण्याच्या पातळ थरामुळं. मग हे पाणीच टिपून घेतलं तर? ब्रिजस्टोननं १९८८ साली जपानमध्ये ‘ब्लिझॅक’ आणला, तो स्पंजासारख्या सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा. जोडीला नक्षीवर बारीक चिरा. त्यांना ‘साइप’ म्हणतात, १९२३ साली याचं पेटंट घेणाऱ्या जॉन साइप यांच्या नावावरून. खाटीकखान्याच्या ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून त्यांनी बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या होत्या, अशी कथा सांगतात.

आता पिकअपकडं येऊ. फोर्डनं १९२५ साली कारखान्यातून तयार पिकअप विकायला काढला, तेव्हापासून या गाडीची खोड एकच. इंजिनाचं वजन पुढं, हौदा रिकामा, आणि बहुतेकदा जोर मागच्या चाकांना. म्हणून बर्फात शेपूट हलकी पडते आणि घसरते. तिकडचे लोक मागच्या धुऱ्यावर वाळूची पोती ठेवतात. पुष्कळ वर्षं हिवाळी टायरही मागच्या दोनच चाकांना लावत, कारण ओढायचं काम त्यांचं. पण वळायचं आणि थांबायचं काम मुख्यतः पुढच्यांचं! चारही चाकांना सारखे टायर हवेत, हे उमगायला अपघात व्हावे लागले. आजही चारही चाकांना जोर असलेली गाडी घेणारा छाती फुगवून निघतो. त्या यंत्रणेनं गाडी निघते जोरात. थांबते मात्र इतरांसारखीच, टायरच्या लायकीनुसार.

गंमत बघा. १९९९ साली उत्तर अमेरिकेत तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह आलं. त्याआधी नुसतं ‘एम अँड एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, असं छापत, तेही केवळ नक्षीच्या मापांवरून. नव्या चिन्हासाठी बर्फावर चाचणी सक्तीची झाली. पण त्या मूळ चाचणीतही मोजली गेली ती ओढण्याची पकड, ब्रेकची नव्हे. क्विबेक प्रांतानं २००८ च्या डिसेंबरपासून हिवाळी टायर सक्तीचे केले आणि २०१४ पासून हे चिन्ह किंवा खिळे असतील तरच टायर ग्राह्य धरले. चिन्ह बघावंच, पण काचेसारख्या बर्फाची हमी ते देत नाही.

भाच्यानं शेवटी बिनखिळ्यांचे चार घेतले. त्याचा बहुतेक प्रवास गावातून आणि साफ केलेल्या हमरस्त्यावरून. हौद्यात अवजारं असतात, म्हणून ओझ्याचा आकडा बघून हलक्या ट्रकचे, आणि फार रुंद नव्हेत, कारण अरुंद टायर बर्फ कापत जातो. दर आठवड्याला हवा मोजायची सवय लावून घेतली, कारण पारा पाच-सहा अंश उतरला की टायरमधला दाब सुमारे एक पौंडानं उतरतो. मागं वाळूची पोती, तीही नीट बांधून.

पहिला बर्फ पडला त्या रात्री त्याचा फोन आला. मी विचारलं, ‘‘काय रे, गाडी निघाली का?’’

तो म्हणाला, ‘‘निघाली तर काय, सगळ्यांचीच निघते मामा. चौकात लाल दिवा लागला, आणि माझी थांबली.’’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)