हिरवा मावा, थंड वसंत आणि श्रेयाचा प्रश्न

अमेरिकेतील टेक्सास, ओक्लाहोमा व कॅन्सस या प्रदेशांत १९०७ साली 'ग्रीन बग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिरव्या माव्याने गहू व ओट या पिकांची फार मोठी हानी केली. १९०६-०७ चा हिवाळा सौम्य होता. त्यामागून आलेला वसंत मात्र थंड व रेंगाळणारा ठरला. संकटाचे मूळ या क्रमातच होते. तथापि ते ध्यानात येण्यापूर्वी एक उद्बोधक वाद घडून गेला.

या माव्याचा प्रमुख शत्रू म्हणजे लायसिफ्लेबस वंशातील एक इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी होय. तिची मादी माव्याच्या शरीरात अंडे घालते. अळी त्यास आतून पोखरते आणि अखेरीस फुगलेले, तपकिरी कवच तेवढे पानावर उरते. कॅन्सस विद्यापीठाचे एस. जे. हंटर यांनी हे परोपजीवी पेट्यांतून शेतकऱ्यांकडे पाठविले. पुढे मावा ओसरला आणि त्याचे श्रेय साहजिकच पेट्यांना मिळाले.

केंद्रीय कृषिखात्यातील एफ. एम. वेबस्टर यांना हे मान्य नव्हते. परोपजीवी शेतांत मुळातच होता, उणीव होती ती उष्णतेची, असे त्यांचे प्रतिपादन होते. डब्ल्यू. जे. फिलिप्स यांच्यासह त्यांनी १९१२ साली या माव्यावर विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. कॅन्सस विद्यापीठानेही १९०९ सालीच पी. ए. ग्लेन यांचा हवामानविषयक अभ्यास प्रकाशित केला होता. या काळातील निरीक्षणांनुसार मावा सुमारे ४० अंश फॅरनहाइटच्या वर वाढू शकतो; गांधीलमाशी मात्र सुमारे ५६ अंशांखाली निष्क्रिय राहते. तापमान या दोन मर्यादांच्या मध्ये जितके दिवस घोटाळे, तितके दिवस नराविना प्रजोत्पादन करणारा मावा निर्वेध वाढत राही. ऊब येताच पारडे फिरे. पेट्यांचे येणे व उबेचे येणे एकाच सुमारास घडले. त्यांतून कार्यकारणभाव काढणे हा काकतालीय न्याय ठरतो.

अर्थात ५६ अंशांची मर्यादा ही अभेद्य भिंत नव्हे. एकविसाव्या शतकात ओक्लाहोमात झालेल्या संशोधनातून हा परोपजीवी हिवाळ्यातील कमी तापमानातही अंडी घालू शकतो, असे दिसून आले आहे. म्हणजे त्याचे कार्य थंडीत मंदावते, सर्वस्वी थांबत नाही. परंतु या दुरुस्तीने वेबस्टर यांच्या मुख्य मुद्द्यास बाध येत नाही; उलट, परोपजीवी शेतांत आधीपासूनच वावरत असतो, या त्यांच्या म्हणण्यास पुष्टीच मिळते. १९०७ चा इतिहास लिहिताना म्हणूनच पेट्यांच्या नोंदींबरोबर तापमापकाच्या नोंदीही वाचाव्या लागतात.