बीडीडी चाळी: टंचाईच्या शहरातील रिकाम्या खोल्या

१/ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत घरांची तीव्र टंचाई होती. भाडी इतकी भडकली, की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. कापडगिरण्यांना मात्र तेजीचे दिवस होते.

२/ ही तेजी टिकेल या भरवशावर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने १९२० मध्ये 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन केले. तेच 'बीडीडी'. संकल्प होता कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचा. त्यासाठी कर्ज उभारले गेले आणि कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला.

३/ वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे काँक्रीटच्या चाळी उभ्या राहू लागल्या. तोवर तेजी ओसरली होती. बांधकाम महागाईच्या काळातले, म्हणून भाडे कामगाराला जड. त्यातच वरळी गिरण्यांपासून दूर. बाजार, दिवाबत्ती यांची वानवा.

४/ अखेर २०७ चाळी आणि सुमारे १६,००० खोल्यांवर योजना थांबली. गिरणगावात एकेका खोलीत अनेक माणसे दाटीने राहत असताना वरळीत कित्येक खोल्या ओस पडल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात तेथील काही चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला!

५/ सरकारने बेघरांची संख्या मोजली. त्यांची मजुरी आणि गिरणीपर्यंतची पायपीट मोजली नाही. घराची गरज आणि घराची मागणी यांतील अंतर ते हेच. आज त्याच चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. अंदाज बांधणाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा वाचावा.