मुंबई स्तन व गर्भाशयमुख कर्करोग तपासणी चाचणी

मुंबई स्तन व गर्भाशयमुख कर्करोग तपासणी चाचणी ही परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये राबवलेली समूह-यादृच्छिक चाचणी होय. तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे अनुदान मिळाले. प्रयोगशाळा किंवा महागडी यंत्रसामग्री न वापरता, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या साध्या तपासणीमुळे या दोन कर्करोगांनी होणारे मृत्यू कमी होतात का, हे पाहणे हा तिचा उद्देश होता. शल्यचिकित्सक इंद्रनील मित्रा, प्रतिबंधक कर्करोगशास्त्र विभागाचे सुरेंद्र शास्त्री आणि गौरवी मिश्रा हे या संशोधनातील प्रमुख संशोधकांपैकी होत.

पार्श्वभूमी

टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने सुरू केले. १९६२ मध्ये ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. १९६६ मध्ये कर्करोग संशोधन संस्थेशी विलीनीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

पाश्चात्त्य देशांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पॅप चाचणी आणि स्तनाच्या कर्करोगासाठी मॅमोग्राफी रूढ झाली होती. या पद्धतींना प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि नियमित पाठपुरावा यांची आवश्यकता असते. भारतात अशी संघटित तपासणी व्यवस्था नसल्याने बहुतांश रुग्ण स्त्रिया रोग बळावल्यानंतरच रुग्णालयात पोहोचत.

संशोधनाची रचना

चाचणीसाठी झोपडपट्ट्यांचे २० समूह निवडण्यात आले. त्यांतील १० तपासणी गटात आणि १० नियंत्रण गटात यादृच्छिक पद्धतीने विभागले गेले. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या एकूण १,५१,५३८ स्त्रियांचा त्यात समावेश होता : तपासणी गटात ७५,३६० आणि नियंत्रण गटात ७६,१७८.

तपासणी गटातील स्त्रियांना दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, कर्करोगाविषयी माहिती देऊन त्यांची तपासणी करण्यात आली. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन हे काम सोपवले होते. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधील मुख्य आम्ल) लावल्यास विकृत पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. या बदलाचे नुसत्या डोळ्यांनी निरीक्षण केले जाई. स्तनांची तपासणी हाताने केली जाई. संशयास्पद आढळलेल्या स्त्रियांना पुढील निदान व उपचारांसाठी रुग्णालयात पाठवण्यात येई. नियंत्रण गटाला सुरुवातीस एकदा कर्करोगाविषयी माहिती देण्यात आली. त्यांची नियमित तपासणी झाली नाही.

निष्कर्ष

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचे निष्कर्ष जून २०१३ मध्ये शिकागो येथे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात मांडण्यात आले आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू नियंत्रण गटाच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी कमी आढळले. रोगाच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

स्तनाच्या कर्करोगाचे २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासणी गटातील रुग्णांपैकी ३७ टक्के स्त्रियांचा रोग निदानाच्या वेळी तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात होता. नियंत्रण गटात हे प्रमाण ४७ टक्के होते. एकूण मृत्यूंतील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरली नाही. ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यूदर सुमारे ३० टक्क्यांनी घटला. त्याखालील वयोगटात लक्षणीय घट दिसली नाही.

नैतिक वाद

चाचणीतील नियंत्रण गटावर तीव्र टीका झाली. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी ही चाचणी आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) व दिंडीगुल येथील तत्सम अभ्यासांवर आक्षेप घेऊन अमेरिकेतील मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाकडे तक्रार केली. पॅप चाचणीची परिणामकारकता अनेक दशकांपूर्वीच दिसून आलेली असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातील मृत्यूंची मोजणी करणे अनैतिक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सहभागी स्त्रियांना उपलब्ध पर्यायांची पुरेशी कल्पना दिली होती का, हा प्रश्नही उपस्थित झाला. मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये या विषयावर चर्चा झाली.

चाचणीच्या समर्थकांच्या मते, भारतातील प्रचलित उपचारव्यवस्थेत तपासणीच होत नव्हती आणि नव्या पद्धतीने मृत्यू खरोखर टळतात याचा पुरावा तुलनेविना मिळाला नसता. स्थानिक परिस्थितीत प्रत्यक्ष मिळणारी सेवा तुलनेसाठी आधारभूत मानावी की जगात उपलब्ध असलेली सर्वोत्तम सेवा, हा या वादाचा गाभा आहे.

प्रभाव

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वर्षे वयोगटातील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ॲसेटिक आम्लाद्वारे गर्भाशयमुखाची, तसेच हाताने स्तनांची तपासणी सुचवण्यात आली. मुंबईच्या चाचणीत वापरलेल्या दोन्ही पद्धतींना त्यामुळे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत स्थान मिळाले. दुसरीकडे, मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी आणि त्याविरुद्धची लस यांचे महत्त्व वाढत गेले आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यासाच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत विषाणू चाचणीच्या एकाच फेरीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले होते.