मालकीकडून पुन्हा भाड्याकडे

व्यापारी पेढीला लागणारे सॉफ्टवेअर विकत न घेता दरमहा वर्गणी भरून वापरावयाचे, ही प्रथा आज नवी वाटते. पण तिचे मूळ जुने आहे. आयबीएम ही अमेरिकन कंपनी आपली हिशेबयंत्रे पूर्वी विकत नसे, भाड्यानेच देत असे. १९५६ साली न्यायालयीन तडजोडीनुसार तिला विक्रीही खुली करावी लागली. सॉफ्टवेअरची वेगळी किंमत तर १९६९ पर्यंत ती लावीतच नव्हती. ती लागली, आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विक्रीचा माल होऊ लागला.

पुढची तीस वर्षे मालकीची गेली. मोठ्या कंपन्यांनी परवाने घ्यावेत, यंत्रे मांडावीत, ती सांभाळण्यास माणसे नेमावीत आणि शिवाय दरसाल देखभालीचे पैसे मोजावेत! १९९९ साली सॅन फ्रॅन्सिस्कोत मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 'सेल्सफोर्स' कंपनी काढली ती या व्यापाविरुद्ध. फेब्रुवारी २००० मध्ये सीबेल या प्रतिस्पर्धी कंपनीच्या परिषदेबाहेर त्यांनी भाडोत्री नट उभे करून 'सॉफ्टवेअर नको' असे फलक नाचविले. विकावयाचे होते सॉफ्टवेअरच; बंड होते ते मालकीविरुद्ध.

ही व्यवस्था चाळीसारखी आहे. इमारत एक, जिना एक, बिऱ्हाडे अनेक. मात्र प्रत्येकाचे कुलूप वेगळे. दूरच्या यंत्रांवर एकच सॉफ्टवेअर चालते, हजारो पेढ्या इंटरनेटवरून ते वापरतात आणि प्रत्येकीची माहिती इतरांपासून अलग राहते. दुरुस्ती एकदा केली की ती सर्वांना पोचते. भाडे बहुधा वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे भांडवल नसलेल्या लहान पेढीलाही मोठ्यांची साधने लाभली, हा लाभ थोडा नव्हे. विकणाराही बांधला गेला. नाराज भाडेकरू मुदत संपताच बिऱ्हाड हलवू शकतो. अर्थात, वर्षानुवर्षांची खातेवही दुसऱ्याच्या घरी असताना बिऱ्हाड हलविणे बोलण्याइतके सोपे नसते.

आणि इमारतीचा दरवाजाच बंद झाला तर? डिसेंबर २००५ मध्ये सेल्सफोर्सची सेवा काही तास बंद पडली. ग्राहकांची यंत्रे धडधाकट होती, पण त्यांच्याच गिऱ्हाइकांची नावेनिशी माहिती त्यांना उघडता येईना. पुढे २००६ साली कंपनीने सेवा चालू आहे की खंडित, हे कोणासही पाहता येईल असा जाहीर फलक इंटरनेटवर लावला.