सराऊंड साउंड: बॉक्सवर ॲटमॉस, पण घरात नक्की काय वाजतंय?

मागच्या वर्षी मी 'डॉल्बी ॲटमॉस' लिहिलेला साउंडबार घेतला आणि पुढचे तीन महिने त्यावर साधा स्टिरिओ ऐकत बसलो. साउंडबार चांगला होता, चूक माझीच होती. हाताला लागली ती ऑप्टिकल वायर जोडली आणि टीव्हीची सेटिंग उघडूनही पाहिली नाही. तुमचे पैसे असे वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं एकदा नीट समजून घेऊया.

आकड्यांचा अर्थ

५.१ मधले ५ म्हणजे समोरचे डावा, मधला, उजवा आणि बाजूचे दोन सराऊंड स्पीकर. '.१' म्हणजे स्फोट, गडगडाट अशा खालच्या आवाजासाठीचा वेगळा चॅनेल, जो सबवूफरकडे जातो. ७.१ मध्ये मागे आणखी दोन स्पीकर येतात. ५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे वरून आवाज देणारे स्पीकर. ते छतात बसवतात किंवा छताकडे तोंड करून आवाज परतवतात.

सिनेमातले संवाद बहुतेक वेळा मधल्या चॅनेलमध्ये असतात. घरात 'गाणी मोठी, बोलणं ऐकूच येत नाही' अशी तक्रार असेल, तर आधी सेंटरची लेव्हल वाढवून बघा.

फॉरमॅट म्हणजे काय?

फोटोसाठी जेपीजी, तसं आवाजासाठी डॉल्बी डिजिटल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचे सहा चॅनेल जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला जवळपास ७ मेगाबिट लागतात. डॉल्बी डिजिटल तेच काम जास्तीत जास्त ६४० किलोबिटमध्ये करतो, अर्थात थोडी माहिती गाळून. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ काहीच गाळत नाहीत, म्हणून त्यांना जागा जास्त लागते.

ॲटमॉस २०१२ मध्ये आला. त्यात चॅनेलसोबत 'ऑब्जेक्ट' असतात. म्हणजे 'हेलिकॉप्टरचा आवाज' आणि 'तो खोलीत आत्ता कुठे आहे' ही माहिती एकत्र येते, आणि कोणत्या स्पीकरवर किती वाजवायचं ते तुमचं मशीन ठरवतं. ओटीटीवर ॲटमॉस साधारणपणे डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो.

सगळा खेळ वायरचा

ऑप्टिकल: स्टिरिओ किंवा साधा ५.१ जातो, ॲटमॉस जात नाही.
एचडीएमआय एआरसी: डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे ओटीटीवरचा ॲटमॉस जाऊ शकतो.
एचडीएमआय ईएआरसी: ट्रूएचडीसुद्धा जातो.

फक्त ओटीटी बघणार असाल तर केवळ ईएआरसीसाठी नवा टीव्ही घ्यायची गरज नाही. टीव्ही एआरसीवरून ॲटमॉस पुढे पाठवतो का, तेवढं तपासा.

प्रोसेसिंग: मदत आणि फसगत

माझ्या लक्षात का आलं नाही? कारण सगळे स्पीकर वाजत होते! साउंडबार दोन चॅनेलचाच आवाज सगळीकडे पसरवत होता. याला अपमिक्सिंग म्हणतात. जुन्या गाण्यांना ते छान वाटतं, पण मूळ मिक्समध्ये मागून येणारा आवाज कोणता, हे त्याला अंदाजानेच ठरवावं लागतं.

उपयोगी प्रोसेसिंगही असतं. आवाजाला १ मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. म्हणून रिसीव्हर जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडतो, म्हणजे सगळे आवाज कानापर्यंत एकाच वेळी पोचतात. सेटअपमध्ये स्पीकरचं अंतर विचारतात ते यासाठीच. रात्री घरचे झोपले असतील तर नाइट मोड लावा. मोठे आवाज दबतात आणि संवाद ऐकू येतात.

आज घरी हे तपासा

१. वायर टीव्हीच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्येच आहे ना?
२. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' असेल तर 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा.
३. ॲपमध्ये त्या सिनेमासमोर ॲटमॉसची खूण दिसते का? काही ॲप ते फक्त महागड्या प्लॅनमध्ये देतात.
४. सिनेमा सुरू असताना साउंडबारच्या डिस्प्लेवर किंवा त्याच्या ॲपमध्ये कोणता फॉरमॅट दिसतोय?

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बॉक्सवर छापलेलं नाव हे मशीनला काय जमतं ते सांगतं. आत्ता काय वाजतंय, ते डिस्प्लेच सांगतो. माझ्या डिस्प्लेवर तीन महिने 'पीसीएम' दिसत होतं, मी फक्त वाचलं नव्हतं.