रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे जुने शिसे

रत्नागिरी जिल्ह्यात खाड्यांच्या तोंडाशी, पुळणीत आणि जुन्या बंदरांच्या आसपास मातीतून शिशाचे जड, राखाडी तुकडे निघतात. हातात घेतल्यावर तुकडा जड लागतो, म्हणून त्याला ‘वजन’ म्हटले जाते. पण तराजूत घालायचे वजन आणि जाळे बुडवायचे वजन या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

प्रथम धातूची खात्री करावी लागते. शिसे चुंबकाला चिकटत नाही, सुरीने सहज ओरखडते आणि लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड असते. जुन्या तुकड्यावर पांढुरका, घट्ट थर चढलेला असतो. कोकणात शिशाच्या खाणी नाहीत. ते समुद्रमार्गे येई. ईस्ट इंडिया कंपनी इंग्लंडहून आणत असलेल्या मालात शिसे असे, आणि 17व्या शतकात तिची वखार राजापूरला होती. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी लुटली ती हीच वखार. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे ते चुलीवरही पातळ करता येते आणि मोडका तुकडा पुन्हा ओतता येतो.

किनाऱ्यावर पहिला विचार जाळ्याचा करावा. पाग फेकला की त्याचा घेर झटकन तळाशी जावा म्हणून काठाला शिसे ओवतात; रापणीच्या जाळ्याची खालची दोरीही अशीच जड करतात. हे तुकडे लांबट मण्यासारखे, आरपार भोकाचे असतात, किंवा शिशाचा पत्रा दोरीवर गुंडाळून ठोकलेला असतो. असा पत्रा उलगडला तर आतल्या बाजूला दोरीच्या पिळाचे तिरपे ठसे दिसू शकतात. वरच्या टोकाला कडीसाठी भोक असलेला निमुळता तुकडा गवंड्याचा ओळंबा असू शकतो. तो मोठा, काही किलोंचा आणि तळाशी खळगा असलेला असेल, तर पाण्याची खोली मोजायचे जहाजावरचे शिसे समजावे. खळग्यात चरबी भरली की तिला तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई.

भोक नसलेला गोल तुकडा किल्ल्याजवळ मिळाला तर तो बंदुकीची गोळी असण्याचा संभव मोठा. साच्याच्या दोन भागांची शिवण तिच्यावर बारीक रेघेसारखी उमटते. झाडलेली गोळी चपटी होते. ब्रिटिश मस्केटची गोळी सुमारे 17.5 मिलिमीटर व्यासाची आणि 32 ग्रॅमच्या आसपास भरे. चपट्या चकतीच्या बाबतीत नाण्याचाही विचार करावा, कारण सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली होती.

हे सगळे बाद झाल्यावर तराजूचे वजन उरते. 1833 पासून ब्रिटिश अमलात तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा ठरला. तोळ्याचे 12 मासे, माशाच्या 8 गुंजा. 80 तोळ्यांच्या शेराचे वजन 933 ग्रॅम. अच्छेर 467, पावशेर 233, नवटाक 117 आणि छटाक 58 ग्रॅम. सापडलेला तुकडा यांपैकी एखाद्या आकड्याच्या जवळ भरला आणि त्याचा तळ सपाट असला, तर तो वजन असण्याची शक्यता वाढते. वर दिलेली 32 ग्रॅमची गोळी मात्र पावणेतीन तोळ्यांच्या आसपास जाते, म्हणजे या पायऱ्यांत कुठेच बसत नाही. तरी निव्वळ आकड्यावर विसंबू नये. मुंबईच्या व्यापारी मणाचे वजन 28 पौंड होते, तर सरकारी मण 40 शेरांचा, सुमारे 37 किलोंचा; बाजारागणिक शेर बदले. शिवाय कोकणात भात तोलत नसत, शेर-पायलीने मापत.

मऊ शिसे झिजते आणि खरवडले तरी चटकन कळत नाही, म्हणून दुकानात लोखंडी व पितळी वजने टिकली. लोखंडी वजनातल्या छिद्रात मात्र शिसे भरून वजन नेमके करत आणि त्या मऊ बुचावर तपासनिसाचा शिक्का उमटवत. 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आणली; 1958 पासून ती लागू होत गेली आणि 1962 मध्ये शेर-तोळ्यांची वजने बाजारातून हद्दपार झाली. शेर-छटाकाचा शिक्का असलेले वजन म्हणूनच त्याआधीचे ठरते.

शोध संरक्षित किल्ल्याच्या हद्दीत घेता येत नाही. तिथे परवानगीशिवाय खोदकामाला बंदी आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी वस्तू सापडल्यास 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. तुकडा घासून चकचकीत करू नये, कारण पांढऱ्या थराबरोबर खुणाही जातात. सापडल्याची जागा आणि खोली लिहून ठेवावी. शिसे विषारी असल्याने हाताळल्यावर हात धुवावेत.