हरलेल्याचा हिशेब

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, एक मसला विचारायचा होता." त्याला लॉटरीचं १५ हजारांचं बक्षीस लागलं होतं. हातात आले १० हजार ५००, बाकीचे ४ हजार ५०० कर म्हणून आधीच कापले गेले. त्याचे प्रश्न दोन होते. पहिला, "सरकारने आपला हिस्सा घेतला, आता उरलेले पैसे तर जायज झाले ना?" दुसरा त्याने जरा खालच्या आवाजात विचारला, "आणि सर, मी वर्षभर दर आठवड्याला २०० रुपयांची तिकिटं घेतली, ते कोण मोजणार?"

पहिल्या प्रश्नासाठी मी त्याला मौलानांकडे जायला सांगितलं. दुसरा मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही कागद घेऊन बसलो. आठवड्याला २०० म्हणजे ५२ आठवड्यांचे १० हजार ४००. बक्षीस १५ हजार. म्हणजे खरा फायदा ४ हजार ६०० रुपयांचा. आयकर मात्र पूर्ण १५ हजारांवर, ३० टक्क्यांनी ४ हजार ५००, आणि त्यावर ४ टक्के उपकर १८० रुपये. एकूण ४ हजार ६८०. जिंकलेला माणूस वर्षाअखेर ८० रुपयांनी हरला होता!

हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास फार जुना आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जुगारावर देखरेख करणारा एक स्वतंत्र अधिकारी आहे, द्यूताध्यक्ष. जुगार एकाच ठरलेल्या जागी खेळायचा, फासे सरकारी घ्यायचे. जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ राजाचे. शिवाय फाशांचं भाडं, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. याज्ञवल्क्य स्मृतीतही जुगाराच्या अड्ड्याचा चालक जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ किंवा १० घेतो आणि राजाला त्याचा हिस्सा पोचवतो. मनुस्मृतीला हे मान्य नाही. राजाने आपल्या राज्यात जुगार होऊच देऊ नये, असं तिचं म्हणणं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही दोन मतं होती. एक म्हणत होतं, बंद करा. दुसरं म्हणत होतं, एका जागी आणा, नजर ठेवा आणि हिस्सा घ्या. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. हिस्सा घ्यायचा तो जिंकलेल्याकडून, हरलेल्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आपल्याकडचे सुलतान आणि बादशहाही याच दोन वाटांवर चालले. अलाउद्दीन खिलजीने दिल्लीत दारूबरोबर जुगारही बंद केला, असं बरनी लिहितो. अकबराच्या दरबारात जुगारघर उघडलं आणि खेळणाऱ्यांना खजिन्यातून व्याजाने पैसे दिले जात, अशी तक्रार बदायुनीने नोंदवली आहे. बदायुनी अकबरावर नाराज होता, हे लक्षात ठेवून ती वाचावी. औरंगजेबाने नेमलेल्या मुहतसिबांच्या कामात जुगार रोखणंही होतं. बादशहा मुसलमान आहे म्हणून धोरण एकच असेल, असं कधीच नव्हतं.

आता मुंबईकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे व्यापारी अफूच्या भावावर पैजा लावत. कलकत्त्याच्या पुढच्या सरकारी लिलावात अफूला सरासरी काय भाव येईल, यावर मुंबईत लाखोंची उलाढाल चाले. हरलेल्याने पैसे द्यायला नकार दिला आणि असा एक खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८४८ साली निकाल आला की इंग्रजी रूढ कायद्याप्रमाणे ही पैज वसूल करता येते. न्यायाधीशांनाही हा निकाल फारसा आवडला नव्हता. त्याच वर्षी सरकारने कायदा करून पैजेचे करार निरर्थक ठरवले. १८६५ मध्ये मुंबई इलाख्यापुरता आणखी एक कायदा आला आणि पैजेभोवतीच्या दलालीच्या, उसनवारीच्या करारांनाही कोर्टाचं दार बंद झालं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० मध्ये हेच तत्त्व आलं, आणि ते आजही आहे. जुगारात जिंकलेले पैसे समोरच्याने दिले नाहीत, तर तुम्ही कोर्टात जाऊन ते मागू शकत नाही.

मग १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला. तरीही मुंबईकर पावसावर पैजा लावतच होते. आज पन्हाळीतून पाणी वाहील की नाही, इतका साधा तो 'बरसात का सट्टा'. जुन्या व्याख्येत तो बसत नाही, असं कोर्टात दिसल्यावर १८९० मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. घोड्यांच्या शर्यतीला मात्र वेगळा न्याय मिळाला. तिच्यासाठी १९१२ मध्ये परवान्याचा कायदा आणि १९२५ मध्ये पैजेवरच्या कराचा कायदा झाला. गल्लीतला सट्टा गुन्हा ठरला आणि महालक्ष्मीच्या मैदानावरची पैज सरकारी उत्पन्न ठरली. पैज तीच, फरक जागेचा आणि माणसांच्या कपड्यांचा होता.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. बंगळूरहून छापलं जाणारं एक इंग्रजी साप्ताहिक शब्दकोड्यांची बक्षीस स्पर्धा चालवत असे आणि त्याचे कितीतरी स्पर्धक मुंबई राज्यात होते. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती करून त्यावर कर लावला. चमारबागवाला खटला म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे. १९५७ साली न्यायालयाने सांगितलं की जुगार हा व्यापार नाहीच, म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचं घटनात्मक संरक्षण त्याला मिळणार नाही. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या विलापाचीही आठवण त्या निकालात आहे. राज्याचा कर मात्र टिकला. जुगाराला हक्क नाही, पण जुगारावर कर आहे, ही आजची स्थिती इथे पक्की झाली.

आयकराची गोष्ट वेगळी. १९७२ पर्यंत लॉटरी किंवा शर्यतीत जिंकलेल्या पैशांवर आयकर जवळजवळ नव्हताच. नशिबाने, एखाद्या वेळी आलेला पैसा म्हणून १९२२ च्या कायद्यापासून त्याला सूट होती. या सुटीने एक वेगळाच धंदा सुरू झाला. काळा पैसा असलेला माणूस बक्षीस लागलेलं तिकीट खऱ्या विजेत्याकडून जास्त पैसे देऊन विकत घेई आणि 'मला लॉटरी लागली' म्हणून सगळा पैसा पांढरा करून घेई. १९७१ च्या अखेरीस वांछू समितीने काळ्या पैशावरच्या अहवालात यावर बोट ठेवलं. १९७२ च्या वित्त कायद्याने लॉटरी, शब्दकोडी, शर्यती, पत्ते आणि कुठल्याही प्रकारचा जुगार यांतली कमाई 'उत्पन्न' ठरवली. तेव्हा अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण.

त्याच काळातल्या एका खटल्याचा निकाल १९९५ साली लागला. दक्षिणेतल्या शर्यतींत वारंवार जॅकपॉट जिंकून ३ लाखांहून अधिक रुपये मिळाल्याचा दावा एका महिलेने केला होता. गंमत म्हणजे, जिंकणं करपात्र झाल्यावर त्यांनी शर्यतींना जाणं सोडलं! माणूस साधारण कसा वागतो ते पाहता हा दावा पटत नाही, जिंकलेली तिकिटं नंतर विकत घेतलेली दिसतात, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं.

१९८६ च्या वित्त कायद्याने या कमाईसाठी सरसकट ४० टक्के दर आणला. पुढे तो ३० टक्क्यांवर आला. तुमचं बाकी उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असलं तरी इथे ती मर्यादा लागत नाही. खर्चाची कुठलीच वजावट नाही, न लागलेल्या तिकिटांची किंमतही नाही. एका शर्यतीत हरलेले पैसे दुसऱ्या शर्यतीत जिंकलेल्या पैशांतून वजा होत नाहीत, पगारातून तर नाहीच नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व बदललं नाही.

शेजारी हे उदाहरण ठेवून पाहा. सीमेवर नोटांसह पकडलेल्या एका तस्कराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली म्हटलं, की तस्करी हाच त्याचा धंदा धरून कर लावायचा असेल, तर जप्त झालेल्या नोटा हा त्या धंद्यातला तोटा म्हणून वजा करावा लागेल. पुढे कायद्यात बदल होऊन गुन्ह्यासाठीच्या खर्चाला वजावट मिळेनाशी झाली, ते वेगळं. पण तस्कराचा तोटा एकदा तरी मोजला गेला. सरकारी लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याचा कधीच नाही.

आणि ती लॉटरी चालवतं कोण? सरकारच. केरळने १९६७ मध्ये सुरुवात केली, महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ च्या एप्रिलमध्ये आली. तेव्हा मुंबईत मटका जोरात होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या आकड्यांवर चालणारा जुना सट्टा बंद पडल्यावर चिठ्ठ्यांचा आणि मग पत्त्यांचा मटका गिरणगावात घरोघरी पोचला होता. लोकांना त्या फसवणुकीपासून वाचवायचं आणि विकासासाठी पैसा उभा करायचा, हा लॉटरीमागचा हेतू सांगितला गेला. १९७६ मध्ये महाराष्ट्राने कॅसिनोवर नियंत्रण आणि कर यांचा कायदाही केला, पण तो कधी अंमलात आणलाच नाही. अखेर २०२३ मध्ये तो रद्द केला. शेजारच्या गोव्याने १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार चालू दिला आणि पुढे मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी राहिली. कौटिल्य आणि मनू आजही शेजारी शेजारी राहतात!

मोबाईलवरच्या खेळांनी हे सगळं पुन्हा हलवलं. २०२३ पासून ऑनलाइन खेळांसाठी 'निव्वळ जिंकणं' मोजायची पद्धत आली. वर्षभरात काढलेले आणि शेवटी खात्यात उरलेले पैसे, त्यातून आपण भरलेले आणि सुरुवातीला असलेले पैसे वजा. म्हणजे एका कंपनीकडच्या एका वर्षापुरता का होईना, हरलेला पैसा पहिल्यांदा हिशेबात आला. पण त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून खेळण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, जिंका किंवा हरा. लॉटरीच्या बाबतीतही बक्षिसाची रक्कम न वगळता तिकिटाच्या पूर्ण किमतीवर जीएसटी योग्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवलं होतंच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. महिन्याभरात लॉटरी, कॅसिनो, शर्यतींवरचा जीएसटी ४० टक्के झाला. एका हाताने बंदी, दुसऱ्या हाताने वसुली. हातही तेच, वर्षही तेच.

इथे मला अरबस्तानातल्या 'मैसिर'ची आठवण होते. कुरआनात जुगारासाठी हाच शब्द आहे. इस्लामपूर्व काळात अरब एक उंट कापत, त्याच्या मांसाचे वाटे पाडत आणि थैलीतून बाण काढत. सात बाणांना एक ते सात असे हिस्से, तीन बाण कोरे. कोरा बाण ज्याच्या नावाने निघे, त्याने उंटाची किंमत भरायची. जिंकलेले लोक पुष्कळदा ते मांस गरिबांना वाटून टाकत आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान असे. दुष्काळात गोरगरिबांची चूल त्यावर पेटे. म्हणूनच मैसिरमध्ये लोकांसाठी काही फायदेही आहेत, हे सूरह बकरा नाकारत नाही. पण नुकसान फायद्याहून मोठं आहे, असं सांगून पुढे सूरह माइदामध्ये त्याला साफ मनाई केली जाते.

विकासासाठी लॉटरी, ही दलील त्या उंटाच्या मांसासारखीच आहे. वाटलेलं मांस सगळ्यांना दिसतं. कोरा बाण निघालेला माणूस उंटाची किंमत कुठून भरतो, ते कुणी पाहत नाही.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. हरलेल्याचा तोटा वजा करू दिला, तर जो तो खोटी तिकिटं गोळा करून पगारावरचा कर चुकवेल. टाकून दिलेली तिकिटं रस्त्यावर हवी तितकी मिळतात. शिवाय जुगारातला तोटा इतर करदात्यांनी का सोसायचा, हाही रास्त सवाल आहे. मी वजावट मागत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या व्यवहाराला कोर्ट करार मानत नाही, संविधान व्यापार मानत नाही, त्याला फक्त कर खातं ओळखतं. आणि तेही जिंकण्याच्या दिवसापुरतं.

आठवड्याभराने तो विद्यार्थी पुन्हा भेटला. मौलानांनी त्याला समजावलं होतं, की जकातीचा अर्थच पाक करणं, पण हरामच्या कमाईतून जकात दिली म्हणून ती कमाई पाक होत नाही. ती रक्कम सवाबची उमेद न ठेवता गरजूला देऊन टाकावी. मग तो स्वतःच म्हणाला, "सर, जकातीने जे पाक होत नाही ते टॅक्सने कसं होईल?"

मी त्याला आमचा तो हिशेबाचा कागद परत दिला. खाली ८० रुपये तोटा लिहिलेला आहे. म्हणाला, दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवतो. शेजारी तिकिटांचा स्टॉल आहे, चार पोरं रोज तिथे उभी असतात. त्यांनीही वाचावा.